कडेपासून मोजायचं

(१९९५ सालच्या दहावीच्या तुकडीला तीस वर्षं झाली, त्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जे पाल्हाळ झालं ते इथे थोडं कमी केलं आहे.)



समितीने मला दिलेला विषय होता 'आयटी क्षेत्रातील संधी आणि एआय'. मी नम्रपणे नाही म्हटलं. चोवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितेय, पण त्यातल्या संधी आता मला माझ्या भाचीकडून कळतात. शिवाय तुमच्यापैकी निम्मे जण आयटीतच आहात, सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच कशाला? त्यामुळे आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यात माझी पदवी नाही. चूक झाली तर बाई इथे बसल्या आहेत, त्या दुरुस्त करतील. त्यांची ती जुनी सवय आहे.

नववीत बाईंनी आपल्याला अंडं फोडून दाखवलं होतं, आठवतंय? मानपाडा रोडला तेव्हा टॉवर नव्हते. पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीतून भातशेती दिसायची आणि वारा फिरला की एमआयडीसीचा वास यायचा. आपल्यातल्या एकाने मानपाडा गावातल्या घरून, खुडूक कोंबडीच्या पोटाखालून, तीन दिवस उबवलेलं अंडं आणलं होतं. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही, कारण आजीला त्याने शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

बाईंनी कवचाला वरून छोटी खिडकी पाडली. बलकावर लाल धाग्यांचं जाळं होतं आणि मधोमध मोहरीएवढं टिंब धडधडत होतं. चाळीस मुलांचा वर्ग एका दमात गप्प झाला. तसं पी.टी.च्या सरांच्या शिट्टीनेही कधी झालं नव्हतं. मी विचारलं, "बाई, डोकं कुठे करायचं आणि शेपूट कुठे, हे त्याला कोण सांगतं?" बाई म्हणाल्या, "ते अजून नीट कळलेलं नाही. तू शोध." मी कम्प्युटर इंजिनिअरिंगला गेले.

हा प्रश्न वीस वर्षांनी माझ्या घरी परत आला, आणि फार वाईट वेळी आला.

२०१५ च्या मेळाव्याला मी आले नव्हते. ग्रुपवर 'रिलीज आहे' असं कळवलं होतं. रिलीज नव्हतं. आदल्या वर्षी आमची आयव्हीएफची ट्रीटमेंट झाली होती. तीन गर्भ तयार झाले. पाचव्या दिवशी त्यांनी एकाचा फोटो स्क्रीनवर दाखवला. दोनशेच्या आसपास पेशींचा गोल पोकळ चेंडू आणि आत एका बाजूला पेशींचा लहानसा पुंजका. एक गर्भ ठेवला, दोन गोठवले. दिवस राहिले. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोका दिसला नाही. पुन्हा करायचा धीर आम्हाला झाला नाही. आणि इथे येऊन "मुलं किती?" याचं उत्तर द्यायचाही झाला नाही. तुम्ही कोणी वाईट मनाने विचारलं नसतं, हे मला माहीत होतं.

त्यानंतर कित्येक महिने मी एक मूर्खपणा केला. डायरी काढून, गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात मी नेमकं काय करत होते ते शोधलं. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, दोन्हीकडे उभ्याने. एक दिवस रात्री साडेअकरापर्यंत ऑफिसमध्ये. एका हळदीकुंकवाला एक काकू म्हणाल्या होत्या, "अगं, लोकलचे हिसके!" प्रोग्रॅम बिघडला की आपण लॉग पाहतो, कोणी कुठली ओळ बदलली ते शोधतो. मी स्वतःचा लॉग पाहत होते. नवरा म्हणाला, "तू डीबग करतेयस, पण कोड तुझा नव्हताच." ते मला समजायला बरंच वाचावं लागलं. आज जे सांगणार आहे ते त्या वाचनातलं आहे.

तिसरा आठवडा मी का शोधत होते, ते आधी सांगते. चौदाव्या दिवसाच्या आसपास माणसाचा गर्भ म्हणजे एक चपटी चकती असते. त्या चकतीत सगळ्या पेशी जवळजवळ सारख्या. मग तिच्यावर एक रेघ उमटते, पेशी त्या रेघेतून आत सरकतात आणि तीन थर तयार होतात. बाहेरच्यातून त्वचा आणि मेंदू, मधल्यातून हाडं, स्नायू, रक्त, आतल्यातून आतडी आणि फुप्फुसं. याला गॅस्ट्रुलेशन म्हणतात. लुईस वोल्पर्ट नावाचे एक शास्त्रज्ञ म्हणत असत की आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग जन्म, लग्न किंवा मृत्यू हा नसून गॅस्ट्रुलेशन हा असतो. हे गृहस्थ मुळात सिव्हिल इंजिनिअर होते, म्हणून मला ते जास्त आपले वाटतात.

आता अडचण अशी की हा आठवडा कोणी पाहू शकत नाही. तो आईच्या पोटात, तिला स्वतःला कळायच्या सुमारास घडतो. प्रयोगशाळेतही चौदा दिवसांपलीकडे मानवी गर्भ वाढवायचा नाही, असा संकेत आहे. १९८४ च्या ब्रिटनमधल्या वॉरनॉक समितीपासून तो चालत आला. आपल्याकडच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही तो आहे. मग बघायचं कसं?

इथे मूलपेशी येतात. मी मघाशी चेंडूच्या आतला पुंजका म्हटला, त्या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवता येतात, हे १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी दाखवलं. या पेशींतून शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते. आपल्या मुंबईतही हे झालं आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने अशा पेशींचे दोन वंश तयार केले, त्यांची नावं 'काइंड-१' आणि 'काइंड-२'. २००९ साली तो निबंध छापून आला. त्यात डॉ. इंदिरा हिंदुजा यांचंही नाव आहे. १९८६ साली के.ई.एम.मध्ये जन्मलेल्या बाळामुळे आपल्या आयांना 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द कळला, त्याच या डॉक्टर. या पेशी कुठून आल्या? उपचार घेणाऱ्या जोडप्यांनी दिलेल्या उरलेल्या गर्भांतून. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

पण पेशी मिळाल्या म्हणून उत्तर मिळालं नाही. बशीत पेशी सोडायच्या, त्यांना 'बीएमपी-४' नावाचं प्रथिन द्यायचं, म्हणजे गर्भात जो निरोप पोचतो तोच, आणि वाट बघायची. पेशी बदलायच्या. पण कोणी त्वचेच्या वाटेने, कोणी आतड्याच्या, सगळी खिचडी. नकाशा नाही. पुष्कळ वर्षं असंच चाललं होतं.

२०१४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आर्ये वॉर्मफ्लॅश, अली ब्रिवानलू आणि एरिक सिगिया यांनी एक साधा बदल केला. यातले सिगिया भौतिकशास्त्रातले. त्यांनी काचेवर पेशी चिकटतील अशा प्रथिनाचे गोल ठिपके छापले, एकेक ठिपका एक मिलिमीटरचा. आपल्या पट्टीवरचं सगळ्यात लहान घर असतं तेवढा. पेशी फक्त त्या ठिपक्यावरच बसू शकतात. बाकी सगळं तेच. पेशी त्याच, द्रव तोच, निरोप सगळीकडे सारखा. बेचाळीस तासांनी पाहिलं तर प्रत्येक ठिपक्यात एकात एक वर्तुळं होती. मधे मेंदू-त्वचेच्या थराच्या पेशी, त्याभोवती मधल्या थराचं कडं, मग आतड्याच्या थराचं, आणि अगदी कडेला वारेकडे झुकणाऱ्या पेशींचं. शेजारच्या ठिपक्यातही तेच. त्याच्या शेजारीही तेच.

हे वाचलं तेव्हा मी ऐरोलीच्या कॅन्टीनमध्ये होते आणि चहा गार झाला. हजारो यंत्रं, सगळ्यांत एकच प्रोग्रॅम, सगळ्यांना एकच इनपुट, आणि आउटपुट मात्र जागेप्रमाणे वेगळं! असं माझ्या सिस्टिममध्ये झालं तर मी त्याला बग म्हणेन. मग पेशीला आपली जागा कळते कशी? तिला डोळे नाहीत, वर उभं राहून बघणारं कोणी नाही. आणि बदल काय केला होता? फक्त कड आखून दिली होती.

आता डोंबिवली स्टेशनवर या. सकाळची फास्ट. लेडीज डब्याच्या जागेवरची गर्दी डोळ्यांसमोर आणा. कडेला उभी असलेली बाई गाडी येताना बघते, अनाउन्समेंट ऐकते, पर्स पोटाशी धरते. मधल्यांना काही दिसत नाही, फक्त पाठी दिसतात. आणि खरं सांगायचं तर मधल्यांनी कान बंदच केलेले असतात. पेशींचं अगदी असंच निघालं. याच गटाने २०१६ साली दाखवलं की गर्दी झाली की मधल्या पेशी निरोप ऐकण्याचे आपले कान, म्हणजे रिसेप्टर, वरच्या बाजूने काढून खाली आणि कुशीला नेतात. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की वरून आलेला निरोप तिथवर उतरतच नाही. तो ऐकू येतो फक्त कडेच्यांना.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. निरोप ऐकला की पेशी स्वतःच त्या निरोपाला दाबणारा पदार्थ सोडते, त्याचं नाव नॉगिन. तो कडेला टिकत नाही, बाहेर वाहून जातो. मधे साठतो. म्हणजे कडेला निरोपाचा आवाज मोठा आणि मधे शांतता, हे पेशींनी मिळून स्वतःच घडवलं. मग कडेच्या पेशी आतल्यांना दुसरा निरोप देतात, त्या तिसरा, आणि वर्तुळं उमटतात.

ठिपका लहान केला तर काय होईल? मला वाटलं होतं की सगळी वर्तुळं त्या मानाने लहान होतील, झेरॉक्स मशीनवर होतात तशी. तसं होत नाही. बाहेरची कडी तशीच राहतात आणि मधला भाग नाहीसा होतो. पेशी मोजतात ते कडेपासून. मध्याची त्यांना कल्पनाच नाही. आपल्याला पी.टी.ला सर 'एक हात अंतर' म्हणायचे ना, मैदानाचा मध्य कुठे आहे हे आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नसायचं आणि तरी रांगा सरळ यायच्या, कारण सुरुवात कुंपणाच्या भिंतीपासून व्हायची.

यावर 'ब' तुकडीतल्या आपल्या जुळ्या बहिणी हरकत घेतील, आणि ती बरोबर आहे. दोघी आल्या आहेत आणि आजही मी मघाशी चुकीच्या बहिणीला मिठी मारली. तुम्ही दोघी एकाच गर्भाचे दोन भाग. ती रेघ उमटण्याआधी कधीतरी गर्भ दुभंगला आणि अर्ध्यातून अर्धी मुलगी न होता दोन अख्ख्या मुली झाल्या. बशीतल्या लहान ठिपक्याचा मध्य हरवतो, पण तुमच्या अर्ध्या गर्भाचं काहीच हरवलं नाही. म्हणजे बशीतली चकती आणि खरा गर्भ यांत फरक आहे. चकतीला वार नाही, पिशवी नाही, वाढायला वेळ नाही. तिच्यातून बाळ होणं शक्य नाही. ती नमुना आहे, आणि नमुन्याने जेवढं सांगावं तेवढंच ती सांगते.

कोणीही न सांगता नक्षी कशी उमटते, हा प्रश्न पहिल्यांदा गणिताने मांडला तो आमच्याच धंद्यातल्या माणसाने. ॲलन ट्युरिंग. आम्ही त्याला संगणकशास्त्राचा जनक म्हणतो आणि परीक्षेत त्याच्या नावाच्या मशीनची आकृती काढतो. पण १९५२ साली त्याने जो निबंध लिहिला तो गर्भावर होता. दोन रसायनं एकमेकांवर क्रिया करत वेगवेगळ्या वेगाने पसरली, तर सपाट सारखेपणातून आपोआप ठिपके आणि पट्टे तयार होतात, असं त्याने समीकरणांनी दाखवलं. दोन वर्षांनी तो गेला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा निबंध मला कोणी सांगितला नाही, याचा मला अजून राग आहे.

महाराष्ट्रातही या प्रश्नाची जुनी वाट आहे. डॉ. लीला मुळहेरकर एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर काम करून आल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी तो विषय रुजवला. पुण्याच्याच आघारकर संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रावर काम केलं. हायड्राचा एक वाण तर 'इंड-पुणे' म्हणूनच ओळखला जातो. हायड्रा म्हणजे डबक्यातला बोटभरही नसलेला जीव. त्याच्या पेशी सुट्ट्या करून पुन्हा गोळा केल्या तर त्या गोळ्यातून परत हायड्रा उभा राहतो. आणि कुलाब्याला टीआयएफआरमध्ये डॉ. शुभा टोळे यांच्या गटाने २००८ मध्ये उंदराच्या मेंदूत दाखवलं की एका विशिष्ट जनुकाविना काही पेशी 'मुकादम' होतात आणि शेजारच्या पेशींना स्मरणशक्तीचा भाग, हिप्पोकॅम्पस, बनायला लावतात. असे मुकादम जितक्या ठिकाणी, तितक्या ठिकाणी हिप्पोकॅम्पस.

मुकादम हा शब्द माझा. शास्त्रात त्याला ऑर्गनायझर म्हणतात आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही. जर्मनीत हिल्डे मांगोल्ड नावाच्या तरुण मुलीने, श्पेमान यांच्या हाताखाली, एका पालीसारख्या दिसणाऱ्या पाणजीवाच्या गर्भाचा छोटा तुकडा दुसऱ्या, वेगळ्या रंगाच्या गर्भाच्या पोटावर बसवला. तिथे दुसरा अख्खा गर्भ तयार झाला, आणि रंगावरून कळलं की त्याचा बराचसा भाग यजमानाच्या पेशींनीच बनवला होता. तुकड्याने फक्त हुकूम दिला होता. १९२४ साली निबंध छापला गेला. त्याच वर्षी हिल्डे घरातल्या हीटरच्या स्फोटात भाजून गेली. लहान मूल होतं तिला. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळालं.

माणसात असा मुकादम असतो का, हे मात्र पुढे नव्वद वर्षं कोणाला दाखवता आलं नाही. २०१८ मध्ये त्याच रॉकफेलरच्या गटाने त्या एक मिलिमीटरच्या ठिपक्यातल्या मानवी पेशी घेतल्या, त्यांना वेगळे दोन निरोप देऊन तयार केलं आणि गर्भावर बसवल्या. कोंबडीच्या गर्भावर, बाई. माणसाच्या पेशींचा हुकूम कोंबडीच्या पेशींना कळला आणि त्यांनी मज्जातंतूंच्या दुसऱ्या अक्षाची सुरुवात केली. तुम्ही आम्हाला खिडकी पाडून जो दाखवला होता, त्याच जातीच्या गर्भावर.

हे सगळं वाचून माझं काय झालं? डायरी बंद झाली. हा सगळा खेळ पेशी-पेशींतला आहे, केसाच्या जाडीच्या अंतरावरचा. त्यात ऐरोलीच्या गाडीला जागा नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, आणि ती चूक बहुधा अंडपेशी तयार होतानाच झालेली असते. हे मला डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं होतं. पण 'तुमची चूक नाही' हे वाक्य आपण सांत्वन म्हणून ऐकतो, माहिती म्हणून ऐकत नाही. मला ती माहिती हवी होती. इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या लेकीसुनेवर ही वेळ आली तर तिला नुसता धीर देऊ नका, एवढं नीट समजावून सांगा. आणि लोकलचे हिसके हा विषय काढू नका.

आता ते दोन गोठवलेले गर्भ. दरवर्षी त्यांचं भाडं भरत होतो, लॉकरचं भरतो तसं. २०२१ साली नवा कायदा झाला. त्यानुसार गर्भ दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत संपली की तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. गेल्या वर्षी आम्हाला पत्र आलं. एका पानाचा फॉर्म, दोन चौकोन, खाली दोन सह्या.

तो फॉर्म तीन आठवडे फ्रिजच्या वर पडून होता. मला वाटलं होतं की इतकं वाचल्यावर मला सोपं जाईल. गेलं नाही. काइंड-१ ज्यांच्याकडून आली त्या जोडप्याने पेन कसं हातात धरलं असेल, हे कुठल्या निबंधात नव्हतं. शेवटी मी बाईंना फोन केला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. बाई मला लगेच ओळखतील असं वाटलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "अंड्याचा प्रश्न विचारणारी ना तू?"

मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "बाई, ते अंडं आपण फोडलं, त्या पिल्लाचं तुम्हाला काही वाटलं होतं?" कारण त्या दिवशी वर्गात हाही प्रश्न कोणीतरी विचारला होता, आणि बाईंनी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, फळा पुसायला घेतला होता. बाई जरा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "वाटलं होतं. दर वर्षी वाटायचं. म्हणून वर्षाला एकच फोडायचे, आणि सगळ्यांनी नीट बघितल्याशिवाय झाकायचे नाही."

मग म्हणाल्या, "सही करशील तेव्हा तारीख नीट घाल. तारीख नसली की फॉर्म परत पाठवतात."

संशोधनाच्या चौकोनावर खूण केली. तारीख नीट घातली. महिन्याभराने चौकशी केली तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या की अजून कुठल्या संस्थेकडून मागणी आलेली नाही, आली की कळवू. अजून फोन आलेला नाही.

पंधरा मिनिटं केव्हाच झाली, समितीचे सदस्य मघापासून घड्याळ दाखवतायत. कोणाला काही विचारायचं असेल तर जेवताना विचारा. मी शेवटच्या गाडीपर्यंत आहे.